विश्लेषण : पर्जन्यवनातली वेल वऱ्हाडात, पानपिंपरी विम्याच्या यादीत का नाही?

सातपुड्याच्या पायथ्याशी अंजनगाव सुर्जी, अचलपूर, अकोट आणि तेल्हारा या तालुक्यांत पानपिंपरी नावाची औषधी वेल पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाते. मूळची ही वेल सदाहरित जंगलातली. उन्हाळ्यात ४५ अंश ओलांडणाऱ्या वऱ्हाडात ती शेतकऱ्याने उभ्या केलेल्या सावलीवर आणि विहिरीच्या पाण्यावर जगते. गारपीट, अवकाळी पाऊस किंवा उष्णतेची लाट आली की मळा बसतो आणि पीक विम्याची मागणी पुन्हा वर येते. ती मान्य होण्यात अडचण कुठे आहे आणि हे पीक इतर पिकांपेक्षा वेगळे का, याचा हा आढावा.

पानपिंपरी म्हणजे नेमके काय?

आयुर्वेदात जिला पिप्पली म्हणतात, घरोघरी जिला पिंपळी म्हणतात, तीच वऱ्हाडात पानपिंपरी. शास्त्रीय नाव ‘पायपर लाँगम’. खायच्या पानाची नागवेल (‘पायपर बीटल’) आणि काळी मिरी (‘पायपर नायग्रम’) या तिच्या सख्ख्या बहिणी. पाने नागवेलीसारखीच हृदयाकृती, पण लहान आणि पातळ. फळ मात्र वेगळे. मिरीचे दाणे सुटे असतात. पिंपरीचे बारीक दाणे एकमेकांना चिकटून कच्च्या तुतीसारखे लांबट कणीस होते. ते हिरवे-काळसर झाले, पण पिकले नाही, अशा वेळी तोडायचे आणि उन्हात वाळवायचे. याच अवस्थेत त्याला सर्वाधिक तिखटपणा असतो.

या वेलीत नर आणि मादी वेगवेगळे असतात. फळासाठी मादी वेलच लावतात आणि तीही बियांपासून नव्हे, फांदीच्या तुकड्यांपासून. त्यामुळे एखाद्या गावातल्या बहुतेक वेली एकमेकींच्या तंतोतंत प्रती असतात. माल एकसारखा मिळतो हा त्याचा फायदा. तोटा असा, की जो रोग एका वेलीला लागतो तो सगळ्यांनाच लागू शकतो. मूळकूज किंवा मर शिरली की काही दिवसांत वाफेच्या वाफे पिवळे पडतात.

जंगलात ही वेल ईशान्य भारतात, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आणि पूर्वेकडच्या देशांत ओलसर सावलीत आढळते. जमिनीवर सरपटते, आधार सापडला की चढते. जंगलातून फळे आणि मुळे ओरबाडून नेण्याचे प्रमाण वाढल्याने तिची लागवड व्हावी, असे धोरण केंद्राने घेतले. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० मध्ये झाली. मंडळाने लागवडीसाठी प्राधान्य दिलेल्या ३२ वनस्पतींत पिंपळीचे नाव आहे. वऱ्हाडात मात्र हे मंडळ येण्याच्या कितीतरी आधीपासून लागवड होत होती. त्यासाठी कुणी योजना आणली नव्हती.

कोरड्या वऱ्हाडात ती जगते कशी?

याचे उत्तर पानमळ्यात आहे. केरळात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अकोल्यात साधारण ७०० ते ८००. तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने हवा कोरडी. अशा ठिकाणी पर्जन्यवनातली वेल लावणे म्हणजे वेडेपणाच. पण बारी समाजाकडे नागवेलीचा अनुभव होता. पानाच्या वेलीला जी सावली, जो ओलावा आणि जो आडोसा लागतो, जवळपास तोच पिंपरीला लागतो. म्हणजे पिंपरी वऱ्हाडात आली ती पानवेलीचे बोट धरून, आणि नावातला ‘पान’ही त्याचीच आठवण देतो.

आधी सावली उभी करायची. शेवरी, पांगारा, हेटा (पश्चिम महाराष्ट्रात ज्याला हादगा म्हणतात) अशी झपाट्याने वाढणारी, विरळ सावलीची झाडे लावायची. ही झाडे वेलीला आधार देतात, ऊन गाळतात आणि त्यांचा पाला कुजून जमिनीला खत होतो. मळ्याच्या चारही बाजूंनी वारा अडवायचा. पूर्वी त्यासाठी पऱ्हाट्यांचा कूड किंवा ताट्या असत, आता ठिकठिकाणी हिरवी शेडनेट दिसते. पाणी थोडे, पण वारंवार. साचलेले पाणी वेलीला चालत नाही आणि कोरडी जमीनही चालत नाही. काळ्या भारी जमिनीत हा तोल सांभाळणे कठीण, म्हणून पायथ्याची निचऱ्याची जमीन पसंत करतात.

थोडक्यात, वीस-तीस गुंठ्यांत शेतकरी एक छोटे जंगल तयार करतो. बाहेर ४४ अंश असताना मळ्यात शिरले की अंगाला गारवा जाणवतो, तो निसर्गाने दिलेला नसतो. त्यामागे पाण्याचे, माणसांचे आणि झाडांचे वर्षभराचे काम असते. हा मुद्दा पुढे विम्याच्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो. कापसाच्या शेतात गारपीट झाली तर त्या हंगामाचा कापूस जातो. पानपिंपरीच्या मळ्यात आधाराची झाडे मोडली, सावली उघडी पडली, तर पीक जातेच; शिवाय पीक जगवणारी व्यवस्थाही जाते. ती पुन्हा उभी करायला नुसते बियाणे पुरत नाही.

रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात बारी (तिथे ‘बरई’) समाजाचे प्रकरण आहे. नागवेल पाताळातून, वासुकीच्या कुळातून आली, ही कथा त्यात नोंदवली आहे. नागपंचमीला या समाजात असलेले महत्त्वही त्यातूनच आलेले. पानमळ्यात चप्पल घालून जायचे नाही, ही जुनी रीत अनेक ठिकाणी आजही पाळतात. ती श्रद्धेपोटी पाळली जाते, पण मातीतून पसरणारी मूळकूज एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात पायांबरोबर जाते, हे लक्षात घेतले तर वनस्पतिरोगशास्त्रज्ञ याहून वेगळा सल्ला देणार नाही.

अंजनगाव सुर्जी हे गाव इतिहासात ३० डिसेंबर १८०३ च्या इंग्रज-शिंदे तहामुळे ओळखले जाते. बारी समाजासाठी मात्र ते संत रूपलाल महाराजांचे गाव आहे. राज्य सरकारने या समाजासाठी जे आर्थिक विकास महामंडळ जाहीर केले तेही त्यांच्याच नावाने. महामंडळ कर्ज देऊ शकते. पण मळा बसल्यावर ते कर्ज फेडायचे कशातून, हा प्रश्न पीक संरक्षणाशी जोडलेला आहे.

औषध म्हणून महत्त्व किती?

सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू होते. सितोपलादी चूर्णात पिंपळी असते, च्यवनप्राशात असते, खोकल्या-दम्याच्या बऱ्याच जुन्या पाठांत असते. चरकाने तिचे गुण सांगितले आहेत आणि इशाराही दिला आहे. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टींचा अतिवापर करू नये, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात म्हटले आहे. जाहिरातीत हा भाग सहसा नसतो.

या वेलीची कीर्ती एकेकाळी रोमपर्यंत पोचली होती. इंग्रजीतला ‘पेपर’ हा शब्द ग्रीक ‘पेपेरी’वरून आणि तो मुळात संस्कृत ‘पिप्पली’वरून आला, असे भाषातज्ज्ञ मानतात. म्हणजे जगाने मिरीला नाव दिले ते पिंपळीचे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने दिलेले भाव बोलके आहेत : लांब मिरी म्हणजे पिंपळी पौंडाला १५ दिनार, पांढरी मिरी ७ आणि काळी मिरी ४. पुढे समुद्रमार्गे काळी मिरी मुबलक मिळू लागली, मग अमेरिकेतून मिरची आली, आणि युरोपच्या स्वयंपाकघरातून पिंपळी जवळजवळ नाहीशी झाली. भारतात ती वैद्याच्या पुडीत टिकून राहिली.

आधुनिक विज्ञानाचे लक्ष तिच्याकडे पुन्हा गेले ते पायपरिन या घटकामुळे. हा घटक इतर औषधे शरीरात अधिक प्रमाणात शोषली जायला मदत करतो आणि ती यकृतात लवकर मोडली जाऊ देत नाही. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत त्रिकटूवरील कामातून ही दिशा स्पष्ट झाली. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की हळदीतल्या कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिले तर माणसाच्या रक्तात कर्क्युमिनची उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढते. क्षयरोगावरील ‘रिसोरिन’ हे भारतीय औषध २००९ मध्ये बाजारात आले. त्यात रिफाम्पिसिनची मात्रा नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवून सोबत १० मिलिग्रॅम पायपरिन दिले आहे. करोनाकाळात, मे २०२० मध्ये, आयुष मंत्रालय आणि सीएसआयआर यांनी ज्या औषधांच्या चाचण्या जाहीर केल्या त्यांत गुळवेल आणि पिंपळी यांचे मिश्रण होते. घराघरांत गेलेल्या ‘आयुष क्वाथ’मध्ये मात्र तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी होती, पिंपळी नव्हती.

सगळेच दावे टिकले असे नाही. पिंपळीतल्या पायपरलाँगुमिन या दुसऱ्या घटकाने कर्करोगाच्या पेशी निवडून मारल्या जातात, असा शोधनिबंध २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि खूप गाजला. २०१८ मध्ये तो मागे घेण्यात आला. तरीही त्या निबंधाचा हवाला देणारे संदेश आजही समाजमाध्यमांवर फिरतात. शिवाय पायपरिन इतर औषधांची मात्रा रक्तात वाढवते, हाच त्याचा गुण आणि हाच धोका. नियमित गोळ्या सुरू असणाऱ्यांनी पिंपळीचे चूर्ण मनाने घेऊ नये, ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

मग शेतकऱ्याला भाव का मिळत नाही?

विज्ञानातले नाव आणि शेतातला भाव यांच्यामध्ये काळी मिरी उभी आहे. औषध आणि पूरक आहाराच्या उद्योगाला लागणारे पायपरिन मुख्यतः काळ्या मिरीपासून काढले जाते. तिच्यात ते अधिक प्रमाणात असते आणि ती मोठ्या प्रमाणावर, वर्षभर, एका दर्जाची मिळते. त्यामुळे पायपरिनचा जगभर बोलबाला झाला तरी अंजनगाव-अकोटच्या पिंपरीची मागणी त्या प्रमाणात वाढली नाही. तिचा ग्राहक मुख्यतः आयुर्वेदिक औषधनिर्माताच राहिला.

त्या ग्राहकाकडेही पर्याय आहेत. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशानुसार पिप्पली म्हणजे ‘पायपर लाँगम’चीच वाळलेली फळे. पण बाजारात इंडोनेशियाकडून येणारी जावा पिंपळी (‘पायपर रेट्रोफ्रॅक्टम’) असते, ईशान्येकडच्या जंगलातली दुसऱ्या जातीची पिंपळीही असते. भारताच्या सीमाशुल्क यादीत लांब मिरीला स्वतंत्र संकेतांक आहे, इतकी ही आयात नियमित आहे. दोन-तीन जातींचा माल एकाच नावाने विकला जात असेल तर जो शेतकरी खरी जात पिकवतो त्याला त्याचे वेगळे पैसे मिळण्याची शक्यता कमीच. जात ओळखण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही, साध्या प्रयोगशाळेतही काम होते. पण तशी तपासणी खरेदीच्या ठिकाणी होत नाही.

किमान आधारभूत किंमत जाहीर होते ती २२ पिकांची. त्यात औषधी वनस्पती नाहीत. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा यांचे बाजार समितीतले भाव आपण रोज छापतो. पानपिंपरीचा भाव आमच्याही बाजारभावाच्या रकान्यात नसतो, हे इथे मान्य करायला हवे. भाव उघड नसला की व्यापारी सांगेल तो भाव. चढ्या वर्षी लागवड वाढते, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भाव कोसळतो आणि मळे मोडले जातात.

पानवेलीचीही अवस्था बरी नाही. विदर्भात पानाची जागा खर्ऱ्याने घेतली. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण त्यामुळे लोक पुन्हा पानाकडे वळले असे दिसत नाही. ज्या मळ्यांनी पिंपरीला आसरा दिला, तेच आकसत आहेत.

विम्यात बसवण्यात अडचण काय?

पीक विमा हवा असेल तर ते पीक त्या जिल्ह्यासाठी, महसूल मंडळासाठी अधिसूचित असावे लागते. महाराष्ट्रात खरिपातल्या यादीत भात, ज्वारी, सोयाबीन, कापूस, तूर, मूग, उडीद, कांदा अशी चौदा पिके आहेत. फळपिकांसाठी वेगळी हवामान आधारित योजना आहे. तिच्यात संत्रा, मोसंबी, लिंबू, पेरू, डाळिंब, केळी, सीताफळ, द्राक्ष, आंबा, काजू आदी पिके येतात. पानपिंपरी आणि पानवेल यांपैकी कुठेच नाहीत.

परिणाम असा, की अचलपूर किंवा अंजनगाव तालुक्यात एका धुऱ्याच्या अलीकडे संत्र्याची बाग आणि पलीकडे पिंपरीचा मळा असेल, गारपीट दोन्हींवर सारखीच झाली असेल, तर बागेला विम्याचा मार्ग आहे आणि मळ्याला नाही. ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः सातबाऱ्यावर पिकाची नोंद केली तरी यात फरक पडत नाही. नोंद होते, पण यादीत नाव नसल्याने विमा उतरत नाही.

नेहमीच्या पीक विम्यात हे पीक बसवणे खरोखरच कठीण आहे, आणि इथे प्रशासनाची बाजूही समजून घ्यायला हवी. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसान ठरते ते पीक कापणी प्रयोगांवरून. मंडळात ठरावीक प्लॉट निवडायचे, कापणी करायची, वजन करायचे आणि मागील सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढलेल्या उंबरठा उत्पादनाशी ते ताडून पाहायचे. पिंपरीची कापणी एका दिवशी होत नाही; कणसे तयार होतील तशी तोडणी चालू राहते. ओल्या मालाचे वाळल्यावर वजन किती, यावर सगळे अवलंबून. केरळ कृषी विद्यापीठाच्या शिफारशींनुसार १० किलो ओल्या कणसांचे वाळून सुमारे दीड किलो होतात आणि हेक्टरी उत्पादन पहिल्या वर्षी ४०० किलोपासून तिसऱ्या वर्षी १,००० किलोपर्यंत जाते. वऱ्हाडातली पद्धत वेगळी, जमीन वेगळी, त्यामुळे हे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. आणि इथल्या मंडळनिहाय सात वर्षांच्या आकड्यांशिवाय उंबरठा ठरत नाही. यादीत नाही म्हणून आकडे गोळा होत नाहीत, आकडे नाहीत म्हणून यादीत येत नाही, असे हे चक्र आहे.

त्यात राज्याने नियमही बदलले आहेत. २०२३ च्या खरिपापासून सुरू झालेला एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. भरपाईचा आधार आता मुख्यतः कापणी प्रयोग हाच आहे. म्हणजे ज्या मार्गाने पिंपरी बसणे अवघड, तोच मार्ग अधिक ठळक झाला.

म्हणून पानपिंपरीने मागायला हवा तो फळपिकांचा, हवामान आधारित मार्ग. त्यात उत्पादन मोजत नाहीत. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदवलेले तापमान, पाऊस, आर्द्रता ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की भरपाई देय होते. पिंपरीचे शत्रू नेमके हवामानाचेच आहेत : मे महिन्यातली उष्णतेची लाट, थंडीची लाट, हंगामाबाहेरचा सलग पाऊस आणि त्यामागून येणारी मूळकूज, गारपीट. किती अंशांपुढे किती दिवस राहिले तर वेल जळते, किती पावसानंतर कूज सुरू होते, एवढे ठरले की विमा कंपनीला हप्ता काढता येतो.

हे ठरवणारी संस्था शोधायला दूर जावे लागत नाही. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्याचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, आणि औषधी-सुगंधी वनस्पती व पानवेल यांच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे केंद्रही तिथेच आहे. पिंपरी आणि पानवेल या दोन्हींवर अधिकाराने बोलू शकेल अशी ही संस्था पीक होते त्याच जिल्ह्यात आहे. मंडळनिहाय हवामानाच्या मर्यादा तिने सुचवाव्यात आणि कृषी आयुक्तालयाने त्या केंद्रीय योजनेच्या चौकटीत मांडाव्यात, हा सर्वांत जवळचा रस्ता दिसतो.

एक अडचण या मार्गातही राहते. मंडळात एकच हवामान केंद्र असते आणि ते उघड्यावर असते. गारपीट एका शिवारात होते, शेजारच्या शिवारात होत नाही. मळ्याच्या आतले तापमान आणि केंद्रावरचे तापमान यांतही फरक असणार. ज्याचा मळा चांगल्या सावलीने वाचला त्याला भरपाई आणि ज्याचा गेला त्याला नाही, असे प्रकार घडतील. संत्रा उत्पादकांच्या तक्रारी याच स्वरूपाच्या असतात. तरीही काहीच नसण्यापेक्षा हे बरे.

आपत्तीची सरकारी मदत पुरत नाही का?

विमा नसला तरी पंचनामा होतो आणि मदत मिळते, असे उत्तर नेहमी दिले जाते. हिशेब मांडून पाहू. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्राच्या आपत्ती निकषांनुसार ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाल्यास बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालते. पिंपरीचा मळा गुंठ्यांत मोजतात. वीस गुंठ्यांच्या मळ्याला या निकषांनी ३,४०० किंवा फार तर ४,५०० रुपये मिळतात. मोठ्या रानात थोडा खर्च करून घेतल्या जाणाऱ्या पिकांसाठी हेक्टरी दर ठीक आहे. थोड्या जागेत प्रचंड खर्च आणि मजुरी ओतणाऱ्या पिकाला तो दर लावला की मदत नावापुरती उरते.

दुसरी गोष्ट वेळेची. कापसाची बोंडे भिजलेली दुसऱ्या दिवशी दिसतात. पिंपरीच्या मुळाशी शिरलेली कूज दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पाऊस थांबल्यावर लगेच पंचनामा झाला तर मळा हिरवाच दिसतो, आणि तलाठी ‘नुकसान नाही’ असे लिहून जातो. त्यात त्याची चूक नसते. पण महिन्याभराने पिवळ्या पडलेल्या वेली दाखवायला शेतकरी कुणाकडे जाणार, याची तरतूद नाही. पानवेल आणि पिंपरीसाठी तीन-चार आठवड्यांनी दुसरी पाहणी, एवढा बदल राज्य पातळीवरच्या एका परिपत्रकाने होऊ शकतो.

विमा मिळाला तर पीक वाचेल का?

फक्त विम्याने वाचणार नाही. मूळ प्रश्न पाण्याचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर. त्यात पाणी मुरते चांगले, पण ते खोल असते. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात गेले की खारपाणपट्टा सुरू होतो, तिथल्या पाण्यावर ही वेल जगू शकत नाही. म्हणजे पिंपरीला वऱ्हाडात जागा उरते ती डोंगर आणि खारे पाणी यांच्यामधली गोड्या पाण्याची एक अरुंद पट्टी. त्याच पट्टीत संत्रा आहे, केळी आहे, आणि सगळे त्याच पाण्यावर. बोअर दरवर्षी खोल जात आहेत. शहानूर आणि वान यांसारख्या धरणांचे पाणी सिंचनाला की पिण्याला, हा वादही याच भागातला. वानच्या पाण्यावरून तेल्हाऱ्यात तो अनेकदा पेटला आहे.

तुलनेने पिंपरी पाणी थोडे पिते. संत्र्याच्या कित्येक एकरांच्या बागेपुढे वीस गुंठ्यांच्या मळ्याची गरज किरकोळ. पण तिला खंड चालत नाही. संत्र्याला बहारासाठी मुद्दाम ताण देतात. पिंपरीला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पाणी चुकले की मळा हातचा जातो. त्यामुळे भूजल खाली गेले की सर्वांत आधी बसतो तो लहान विहिरीवरचा पिंपरीवाला, मोठा बागायतदार नव्हे. ठिबक आणि सूक्ष्म तुषार यांनी फरक पडतो, शेडनेटनेही पडतो. मात्र अनुदान मागताना मळा भाज्यांच्या शेडनेटगृहाच्या मापात बसवावा लागतो, आणि झाडांच्या सावलीतला पारंपरिक मळा त्या आराखड्यात बसत नाही.

रोपांचा मुद्दाही आहे. केरळ कृषी विद्यापीठाने ‘विश्वम’ हा पिंपळीचा सुधारित वाण दिला, पण तो तिथल्या दमट हवेसाठी. वऱ्हाडात टिकलेली वेल ४५ अंशांच्या उन्हाळ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेलेली आहे. ती कुठल्याही बियाणे कोठारात साठवता येत नाही, कारण ती बियांपासून लावलीच जात नाही. मळा मोडला की त्याबरोबर ती वेलही जाते. पुढच्या लागवडीसाठी बेणे आणायचे ते शेजारच्या मळ्यातून, आणि शेजारचा मळाही मोडलेला असला तर पुढच्या गावातून.

फळपीक विमा योजनेचा मृग बहाराचा शासन निर्णय सर्वसाधारणपणे जूनच्या सुमारास निघतो. पिंपरीच्या नव्या लागवडीची तयारीही त्याच दिवसांत सुरू असते. त्या यादीत नाव यायचे असेल तर विद्यापीठाची शिफारस त्याच्या बरीच आधी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला आयुक्तालयात पोचलेली असावी लागेल.